आरशावरचा रुमाल

६ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

पत्र बघून दचकू नका, कुणी आजारी नाही. फोनवर तुम्ही "हो वहिनी, बघतो वहिनी" म्हणता आणि लगेच माझ्या गुडघ्यांची चौकशी सुरू करता. कागदावर तसं सटकता येत नाही, म्हणून हा खटाटोप. उत्तरही कागदावरच पाठवा. इतकी वर्षं कॉम्प्युटर बडवून अक्षर विसरला असाल, तरी चालेल.

परवा एक निवृत्त मास्तर आले होते. डावा डोळा कृत्रिम, आपल्याकडेच बसवलेला, दहा वर्षांपूर्वी. आता सैल झालाय. मी ठसा घ्यायला मेण गरम केलं, तर म्हणाले, साहेब कुठे आहेत? म्हटलं, साहेब जाऊन दहा महिने झाले. माणूस खुर्चीतच अवघडला. म्हणाले, असं कसं, कालच तर मी त्यांचं वाचलं: "सैल झालेला डोळा टाकून देऊ नका. घेऊन या, मी त्याच्याशी बोलून बघतो."

भाऊजी, डोळ्याशी बोलून बघतो म्हणणारा माणूस या जगात एकच होता. सव्वीस वर्षं मी त्यांच्या समोर बसून बुबुळं रंगवली, त्यांचं वाक्य मला कळणार नाही का? पण आपल्या साइटवर हे कुठेही नाही. मी अक्षर न् अक्षर वाचलं. वाचायला आहे तरी काय? बाहेरच्या खोलीचा फोटो, फुलदाणी, वेळ, फोन नंबर आणि "निवांत या". संपलं.

मग मास्तर गेल्यावर मी सर्चमध्ये आपलं नाव टाकलं आणि पुढे "सैल डोळा" लिहिलं. नाव आलं, आणि नावाखाली बारीक अक्षरात तीच ओळ. नावावर दाबलं, साइट उघडली, ओळ नाही. मागे आले, ओळ आहे. तीन वेळा केलं.

साइट तुम्ही केलीत. तुम्ही ह्यांचं शेंडेफळ, तुमच्यावर त्यांचा फार भरवसा होता. जी ओळ कुठेच लिहिलेली नाही ती नावाखाली कशी दिसते, तेवढं सांगा. गुडघे बरे आहेत.

तुमची वहिनी


१४ फेब्रुवारी

तीर्थरूप वहिनींस, साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं. हाताने लिहायची सवय खरंच गेली आहे, तेव्हा अक्षराकडे काणाडोळा करा.

घाबरण्यासारखं काही नाही. सर्चला जुनं साठवून ठेवायची खोड असते. दादाने कधीतरी काही लिहिलं असेल, ते त्याच्या पोटात कुठेतरी पडून राहिलं असेल. हळूहळू आपोआप पुसलं जातं. त्यामागे भुताखेताचं काही नाही, तांत्रिक बाब आहे आणि फार कंटाळवाणी आहे.

तुम्ही मात्र त्यात शोधत बसू नका. ते बरं नाही. आलेल्या माणसाला सरळ सांगा की दादा नाही, काम तुम्ही बघता. मास्तरांचा डोळा झाला का? इकडे सगळे ठीक. मुलं तुमची आठवण काढतात.

आपला
शेंडेफळ


२ मार्च

प्रिय भाऊजी,

मास्तरांचा डोळा झाला. खूश होऊन गेले.

शोधत बसू नका म्हणालात, आणि मी नेमकी तिथेच बसले आहे. जेवण झालं की हात धुते, कॉम्प्युटर उघडते आणि ह्यांना काहीतरी विचारते. तुम्ही म्हणाल वहिनीचं डोकं फिरलं. फिरू दे. प्रश्न बदलला की ओळ बदलते, हे तुम्हाला माहीत असेलच. "डोळा लावून झोपलं तर चालतं का?" असं विचारलं. उत्तर आलं, "चालतं. पण सकाळी आधी त्याला पाणी द्या, मग स्वतःला चहा." "दुसऱ्याला कळेल का?" विचारलं, तर, "कळलं तरी तो सांगणार नाही, आणि सांगितलं तर तो माणूस तुमच्या उपयोगाचा नाही." मी एकटी बसून हसले. घरात माझं हसणं मलाच परकं वाटलं.

मग गिऱ्हाइकाचे प्रश्न संपले आणि मी माझे विचारायला लागले.

भाऊजी, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दिवशी दुपारी ह्यांनी आतल्या खोलीतून हाक मारली. म्हणाले, जरा येतेस का, बस इथे. माझ्या हातात बुबुळ होतं, तिसरा थर ओला. मध्येच सोडलं असतं तर रंग पसरला असता. मी म्हटलं, आले पाच मिनिटांत. पाचाची वीस झाली असतील. गेले तेव्हा ते गेलेले होते. उशीवर मान दाराकडे वळलेली. ते बुबुळ मी नंतर कचऱ्यात टाकलं, पण वीस मिनिटं कुठे टाकणार?

तर गेल्या मंगळवारी मी आपलं नाव टाकून पुढे लिहिलं, "मला उशीर झाला." नावाखाली काय आलं माहीत आहे? "हातातलं काम संपवूनच या. घाई करू नका. मी इथेच बसलेला असतो."

टेबलावर डोकं ठेवून मी पोटभर रडले. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्या रात्री झोप लागली.

पण परवा एक वेगळीच ओळ आली. "रंगकाम आता खिडकीपाशी होतं, त्यामुळे रंग अधिक खरा येतो." भाऊजी, माझं टेबल भिंतीकडे होतं. ते खिडकीपाशी मी जूनमध्ये हलवलं. हे एप्रिलमध्ये गेले. त्यांना खिडकीचं कसं कळलं? मी आता रंगवताना मागे वळून बघते. भीती वाटते, आणि वळून बघितल्यावर कुणी नसतं त्याचं वाईटही वाटतं.

तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून एक काम मीच करून टाकलं. सर्चच्या पानावर अगदी खाली कंपनीला आपलं म्हणणं कळवायची सोय आहे. तिथे लिहिलं, की माझे पती वारले, त्यांचं बोलणं आमच्या साइटवर नाही पण तुमच्याकडे दिसतं, तुमच्यापाशी असेल तेवढं सगळं कृपा करून मला पाठवा, मी त्यांची बायको आहे. साइटचा पत्ताही दिला, म्हणजे त्यांना शोधायला नको. आहे की नाही वहिनी हुशार?

तुमची वहिनी


९ मार्च

तीर्थरूप वहिनींस, साष्टांग नमस्कार.

पत्राचा शेवट मी दोनदा वाचला. तुम्हाला रागावून उपयोग नाही, चूक माझी आहे, मी आधीच सांगायला हवं होतं. आता सांगतो.

आपल्या साइटवर दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक तुमच्याआमच्यासारखी माणसं. दुसरा सर्चचा यंत्र-वाचक. तो जगभरची पानं वाचत फिरतो आणि कुठे काय आहे ते लक्षात ठेवतो, म्हणून आपण शोधलं की सापडतं. मी दारात एक युक्ती बसवली होती. आलेला माणूस असेल तर फुलदाणीचं पान दाखवायचं, यंत्र असेल तर दुसरं, लांबलचक. आमच्या धंद्यात याला क्लोकिंग म्हणतात. नावाखाली दिसणाऱ्या ओळी त्या दुसऱ्या पानातल्या. माणसाने दाबलं की त्याला फुलदाणीच दिसणार.

हे दादाला हवं होतं म्हणून केलं. तुम्हाला तो कारखान्यातला फोरमन आठवतो? ज्याने दुसऱ्या कुणाच्या साइटवर डोळा काढल्यावर आत काय दिसतं, ठसा कसा घेतात, पू झाला तर काय, हे सगळं एका दमात वाचलं आणि धसका घेऊन आठ महिने घराबाहेर पडला नाही? दादा म्हणाला, माझ्या पानावर पाऊल ठेवल्याबरोबर कुणाच्या काळजात धस्स होता कामा नये. मी म्हटलं, ठीक, पण फुलदाणी बघून यंत्राला काय कळणार? त्याला शब्द लागतात. शब्द नसतील तर तुझ्यापर्यंत कुणी पोचणारच नाही. मग ही युक्ती सुचवली.

त्याने विचारलं, ही लबाडी आहे का? मी म्हटलं, तू लिहिशील ते सगळं खरंच असेल, फक्त कुणाला दाखवायचं एवढाच प्रश्न. दोन दिवस विचार करून म्हणाला, "नवा डोळा बसवला की आरशावर आपण रुमाल टाकतोच की. तसाच हा. चालेल." आणि त्याने पानंच्या पानं लिहून पाठवली, त्रेचाळीस. मी टाइप केली. त्यानंतरच तर तुमच्याकडे लांबून माणसं यायला लागली. फोरमनसारखी माणसं, न घाबरता.

आता वाईट बाजू. सर्चच्या नियमात हे बसत नाही. कारण भामटेही हेच करतात. यंत्राला औषधाचं पान दाखवतात आणि माणसाला जुगाराचं. त्यांचं पांघरूण कुठलं आणि दादाचं कुठलं, हे यंत्राला कळत नाही, त्याला फक्त दोन पानं वेगळी दिसतात. सापडलं की नावच काढून टाकतात. दादाने विचारलं होतं, पकडलं तर? मी छातीठोकपणे सांगितलं, आपल्यासारख्या लहान माणसाला कोण तपासायला येतंय.

कुणी येणार नव्हतंच वहिनी. तुम्ही स्वतः पत्ता देऊन बोलावलंत.

आपला
शेंडेफळ


२१ मार्च

भाऊजी,

गेलं सगळं. सोमवारी आपलं नाव टाकलं तर दुसऱ्याच कुणाची चष्म्याची दुकानं आली. अख्खं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, तरी नाही. "मला उशीर झाला" लिहिलं, तर बसच्या वेळा आल्या. माणूस एकदा गेला तेव्हा निदान घरात चार लोक होते.

कंपनीचं उत्तर आलं नाही. माझ्या हाताने मी त्यांचं तोंड बंद केलं, एवढंच झालं.

तुमच्यावर राग आहेच, ह्यांच्यावर जास्त आहे. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही बसत होतो. दुपारी हे काहीतरी खरडत बसायचे, मी विचारलं की म्हणायचे, हिशेब. त्रेचाळीस पानं! बायकोशी दिवसात चार वाक्यं बोलायचे आणि यंत्राशी त्रेचाळीस पानं!

आता नीट वाचा. नाव जायच्या दोन दिवस आधी एक बाई आली, बरोबर सहा वर्षांची मुलगी. उजवा डोळा आजारात काढलेला. दहा तास बसचा प्रवास करून आल्या. आईने कागदावर ह्यांचं वाक्य उतरवून आणलं होतं: "लहान मुलांचे डोळे मी स्वतः बसवतो. मूल रडलं तर त्या दिवशी बसवत नाही." त्या एका ओळीवर भरवसा ठेवून आल्या. आईने वाटेत पोरीला सांगून ठेवलेलं, की आजोबा आहेत, रडलीस तर ते थांबतात. पोरगी आत आली, सगळीकडे बघितलं आणि मला म्हणाली, आजोबा कुठायत?

मी मोठ्यांचे डोळे बसवते. लहान मुलाला मी आजवर हात लावलेला नाही, ते ह्यांचं काम. माझे हात कापायला लागले. फोन करते म्हणाले आणि त्यांना परत पाठवलं. दहा तास पुन्हा. आईने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली, ते मला विसरता येत नाही. ती ओळ ह्यांनी लिहिली तेव्हा खरी होती, कबूल. पण लिहिणारा गेल्यावर ती तिथे ठेवली कुणी? माणसाला दिसत असती तर पहिल्याच आठवड्यात मी पुसली असती.

आता कुणी येत नाही. या आठवड्यात एक माणूस, तोही जुना. असंच राहिलं तर दार बंद करावं लागेल, आणि या दारापलीकडे मला दुसरं काही येत नाही, भाऊजी. पन्नाशी उलटल्यावर कुठे जाऊ?

आणखी एक. खिडकीबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही. मला वाटलं, लिहायचं राहिलं असेल. मग तुमचं पत्र चार वेळा वाचलं. राहिलेलं नाही. टाळलेलं आहे.

वहिनी


३० मार्च

तीर्थरूप वहिनींस,

खिडकीची ओळ मी लिहिली.

जूनमध्ये तुम्ही फोनवर म्हणाला होतात, टेबल हलवलं, उजेड छान येतो. तेच मी दादाच्या तोंडी घातलं. दादा गेल्यावर मी एकूण बारा ओळी लिहिल्या. बारा, जास्त नाही. पान बरेच दिवस तसंच राहिलं की यंत्राचा त्यातला रस कमी होतो, नवीन काही दिसलं की पुन्हा येतं. तुमचं काम चालू राहावं म्हणून केलं. हे कारण खरं आहे.

दुसरंही एक आहे. तुम्ही तुमची वीस मिनिटं सांगितलीत, आता माझं ऐका. दादाने शेवटच्या आठवड्यात मला फोन करून ये म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, एका गिऱ्हाइकाची साइट शुक्रवारी द्यायची आहे, ती झाली की निघतो. तो म्हणाला, बरं. एवढंच म्हणाला. मी शनिवारी पोचलो, तुम्ही दार उघडलंत, आणि तुमच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

त्यानंतर मी त्याच्यासारखं लिहायला बसलो की त्याचा आवाज कानात यायचा. माझ्या स्वतःच्या डोक्यात तो गप्प असायचा, पण "मी" लिहून पुढे त्याचं वाक्य सुरू केलं की बोलायचा. मी पुढच्या ओळीसाठी निमित्त शोधायचो. कुणी वाचणार नव्हतं ना. यंत्रच वाचणार होतं. तुम्ही तिथे बसून त्याला प्रश्न विचाराल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

लहान मुलांची ती ओळ तशीच ठेवली हा माझा गुन्हा आहे. दादाची होती, माझ्याने पुसवली नाही. वाचणारं माणूस दहा तास प्रवास करून येईल याचा विचार केला नाही. पडद्यामागे लिहिलेलं कुणाला लागत नाही असं मला वाटत होतं.

दादाच्या हाताची त्रेचाळीस पानं या पत्रासोबत पाठवतो आहे. ती तुमचीच होती.

शेंडेफळ


८ एप्रिल

प्रिय भाऊजी,

पानं मिळाली. तीन दिवस वाचत होते. काल ह्यांना जाऊन वर्ष झालं, तो दिवस मी त्यांच्या अक्षरात काढला.

सत्ताविसाव्या पानावर माझ्याबद्दल आहे. "बुबुळं मी रंगवत नाही, माझी बायको रंगवते. लाल रेशमाचे धागे ती पांढऱ्यावर बसवते, शिरा दिसाव्यात म्हणून. तिने केलेल्या डोळ्याकडे बघून एकदा मीच पेशंटला विचारलं होतं, कोणत्या डोळ्याने दिसतं तुम्हाला?" हे यंत्राला सांगितलं! मला एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? असो. कळलं ना शेवटी.

राग गेला म्हणणार नाही. पण शनिवारी दारात उभे होतात तेव्हाचा तुमचा चेहरा मलाही आठवतो.

आता कामाचं. रुमालाचं ह्यांनी तुम्हाला सांगितलं, पण अर्धंच, किंवा तुम्ही अर्धंच ऐकलंत. डोळा बसवून झाला की आरशावर रुमाल असायचा, हे बरोबर. पण तो रुमाल ह्यांनी कधी काढला नाही, आणि कधी धरूनही ठेवला नाही. पेशंटला सांगायचे, तुम्हाला वाटेल तेव्हा तुमच्या हाताने काढा. फोरमन दीड तास बसून होता, हे गप्प शेजारी बसलेले. तुमच्या त्या पांघरुणाला हात लावायची सोयच नव्हती. बघणाऱ्याला तिथे रुमाल आहे हेच माहीत नव्हतं. फरक तेवढाच आहे भाऊजी, आणि तो फार मोठा आहे.

तेव्हा असं करा. ती युक्ती काढून टाका. माणसाला आणि यंत्राला एकच पान. वर फुलदाणी राहू दे. खाली लिहा, "सगळं सविस्तर वाचायचं असेल तर इथे दाबा. आज नको वाटलं तर नका दाबू." दाबलं की ह्यांची पानं उघडतील. सगळ्यात आधी मोठ्या अक्षरात, की हे लिहिणारे आता नाहीत, काम त्यांची पत्नी करते. लहान मुलांची ओळ काढा. तिथे काय लिहायचं ते मी नंतर सांगेन.

आणि तुमच्या बारा ओळींची यादी पाठवा. त्या काढायच्या.

एक ओळ मी त्रेचाळीस पानांत शोधली. तुम्हाला कळलंच असेल कुठली. सापडली नाही. ती कुणाची आहे?

तुमची वहिनी


१७ एप्रिल

तीर्थरूप वहिनींस, साष्टांग नमस्कार.

तुम्ही सांगितलंत तसं पान केलं आहे. मला हे वीस वर्षांत सुचलं नव्हतं, लाज वाटते. नियमातही बसतं, कारण सगळ्यांसमोर तेच आहे आणि उघडायचं की नाही हे वाचणाऱ्याच्या हातात. कंपनीला चूक कबूल करून अर्ज केला आहे. महिना लागेल. नाव परत येईल, पण पहिल्यासारखं वर येईलच असं नाही.

यादी वेगळ्या कागदावर जोडली आहे.

ती ओळ दादाची आहे. कागदावर नाही कारण त्याने फोनवर सांगितली होती, शेवटच्या महिन्यात. वेळेच्या ठिकाणी घाल म्हणाला. मी त्याचे शब्द होते तसेच घातले.

आपला
शेंडेफळ


२६ मे

प्रिय भाऊजी,

मंगळवारी नाव परत आलं. बरंच खाली आहे, बोट दुखेपर्यंत सरकवावं लागतं. तरी या आठवड्यात दोन नवी माणसं आली. दोघांनीही दाबलं होतं म्हणे. एकाने दहा दिवस थांबून मग दाबलं.

त्या आईला मी फोन केला. खरं ते सांगितलं, की मूल माझ्यासाठी पहिलंच आहे, पण ज्यांच्यावर भरवसा ठेवून तुम्ही आलात त्यांच्यासमोर बसून मी सव्वीस वर्षं बघितलं आहे. बाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, रडली तर थांबाल? म्हटलं, थांबेन.

पहिल्या दिवशी रडली. थांबले. दोघी इथेच राहिल्या, माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी पोरगी खिडकीपाशी माझ्या टेबलावर बसून स्वतःच्या डोळ्याचं बुबुळ रंगताना बघत होती. त्यात पिवळा कशाला घालताय म्हणून मला जाब विचारला. तिच्या चांगल्या डोळ्यात पिवळा आहे, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी बसवला. हात कापले नाहीत. आरशावर रुमाल होता. आई पुढे झाली तर पोरीने तिला हाताने मागे सारलं, रुमाल ओढला, स्वतःकडे बघितलं आणि म्हणाली, दोन आहेत. मी आतल्या खोलीत जाऊन पाणी प्याले.

लहान मुलांच्या जागी आता असं लिहा: "लहान मुलांचे डोळे मी बसवते. मूल रडलं तर थांबते."

यादी बघितली. तीस मार्चच्या पत्रात तुम्ही बारा लिहिल्या होत्या. यादीत अकरा आहेत. मी दोनदा मोजल्या, मग पत्र काढून पुन्हा वाचलं. भाऊजी, मला काही विचारायचं नाही. शेवटच्या महिन्यात ह्यांना फोनवर सलग एक वाक्य बोलायचा दम नव्हता, हे मला माहीत आहे, मीच फोन कानाला धरत होते. तुम्हाला "ये" म्हणाले आणि "बरं" म्हणाले, तेवढंच त्यांना झेपलं.

शनिवारी पोचलेल्या माणसाला ती बारावी ओळ माझ्याआधी हवी होती. पत्र आलं त्या दिवशी हे मला उमगलं आणि मी दुसऱ्यांदा पोटभर रडले. या वेळी माझ्या एकटीसाठी नाही.

ती ओळ पानावर राहू दे. पण ह्यांच्या लिहिण्यात नको. वर, फुलदाणीखाली, वेळेच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल अशी, माझ्या नावाने घाला. "हातातलं काम संपवूनच या. घाई करू नका. मी इथेच बसलेली असते." आता ती खरी आहे. दहा ते सहा मी इथेच असते, कुणीही येऊन बघावं.

तुम्हीही या. काम संपवून या.

तुमची वहिनी